दादाच्या खांद्यावरचा हात

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. आम्ही बौद्ध. आपल्या घरात देव नाहीत म्हणून भुतंही नाहीत, असं माझे वडील हसत हसत म्हणायचे आणि मला तेवढं पुरेसं होतं. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मी मुद्दाम चार लोकांसमोर ओलांडून जायचे. या ग्रुपवर मी फक्त वाचायला येते आणि खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना हसते... आज माझ्यावरच लिहायची वेळ आली. हसा खुशाल.

मी केजला राहते. बसस्टँडपासून जवळच आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाईन मी करते, छपाईचं मशीन माझा नवरा प्रशांत बघतो. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली... तालुक्यात कुणाचं काय चाललंय ते आम्हाला पाहुण्यारावळ्यांच्या आधी कळतं.

माझा मोठा भाऊ युसूफवडगाव नावाच्या गावात असतो. तो गातो, त्याची स्वतःची गायन पार्टी आहे. ढोलकीवर सुदामभाऊ असायचा. दोघं शाळेपासूनचे दोस्त. कार्यक्रमाला जायचे ते एकाच मोटारसायकलवर. दादा पुढे, सुदामभाऊ मागे, मांडीवर ढोलकी धरलेली आणि डावा हात दादाच्या खांद्यावर. रस्त्यात खड्डा दिसो, जनावर दिसो, सुदामभाऊ खांदा दाबायचा. दाबला की थांब, सैल सोडला की चल. दादा गाडी चालवतानाही गाण्यात असतो हे त्याला पक्कं माहीत होतं.

मागच्या वर्षी कार्यक्रमावरून येताना रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, काही नाही. सुदामभाऊ जागेवर गेला. दादाला नुसतं खरचटलं. दवाखान्यात दादा एकच बोलत होता, "त्यानं दाबला होता गं खांदा, रेखा. मी चालीच्या नादात. मला कळलंच न्हाई."

त्यानंतर दादाने गाणं सोडलं. गाडीवर कुणाला मागे बसवणंही सोडलं. वहिनीला बाजाराला यायचं असलं तरी तो तिला जीपने पाठवायचा आणि स्वतः मोटारसायकलवर मागून यायचा. हसता माणूस वर्षभरात पार वाळून गेला. म्हणून या बुद्धपौर्णिमेला केजच्या कार्यक्रमात गायला तो तयार झाला तेव्हा मला इतका आनंद झाला, की कमिटीवाल्यांना मी निक्षून सांगितलं, बॅनर दुसऱ्या कुणाकडे द्यायचं नाही. दादा परत उभा राहतोय, ते मीच करणार.

वीस बाय दहाचं बॅनर. मागे निळं आभाळ, मोठा पांढरा चंद्र, एका बाजूला हार्मोनियम, दुसऱ्या बाजूला ढोलकी आणि सगळीकडे उडणारी ती इंग्रजी स्वरचिन्हं. आमच्याकडे ती कुणालाच वाचता येत नाहीत, पण ती नसली की गिऱ्हाईक म्हणतं, "हे गाण्याचं वाटंना." खाली कमिटीच्या लोकांचे फोटो, कुणाचं डोकं कुणापेक्षा मोठं झालं यावरून रोज एक फोन. मधोमध दादा, पांढरा सदरा घातलेला, माईकवाला.

दादाचा फोटो वहिनीने व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. मी कडेने कापून बॅनरवर टाकला, झूम केलं, तर डाव्या खांद्यावर कुणाची तरी बोटं. मला काहीच वाटलं नाही. आम्हाला येणारे फोटो बहुतेक लग्नातले, घोळक्यातले असतात. माणूस कापून काढला तरी शेजारच्याचा हात खांद्यावर राहतोच. मी नेहमीसारखं सदऱ्याचं कापड क्लोन करून त्यावर फिरवलं, हात गेला. सेव्ह केलं आणि स्वयंपाकाला गेले.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली तर बोटं तिथेच. वाटलं, सेव्ह करायचं राहिलं. परत पुसलं. दुपारी रंग बदलायला उघडलं, परत हात! प्रशांत मागून जाता जाता म्हणाला, "अगं, तो हात राहिला की खांद्यावर." म्हणजे त्यालाही दिसला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळे मलाच वेड्यात काढणार आहेत.

मग मी वहिनीने पाठवलेला मूळ फोटो उघडला. घराच्या निळ्या भिंतीपुढे दादा एकटा उभा. शेजारी कुणी नाही, मागे भिंत. खांदा स्वच्छ.

मी वहिनीला फोन लावला. "वहिनी, फोटो काढताना दादाजवळ कोण होतं?"

"कुणीच न्हाई ताई, एकटेच उभे होते. कावून?"

"काही नाही, सहज."

फोन ठेवला आणि बॅनरमधला खांदा पडदाभर मोठा केला. शेजारच्या माणसाचा हात असा नसतो. शेजारच्याचा हात आडवा येतो, मनगट दिसतं, घड्याळ दिसतं. ही नुसती चार बोटं होती, मागून पुढे आलेली. मधल्या बोटाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. ढोलकीवाले गुंडाळतात तशी.

मे महिना, भर दुपार, बाहेर रस्त्यावर जीपवाले "अंबाजोगाई, अंबाजोगाई" ओरडतायत, आणि मी पंखा बंद करून बसले होते.

आणि बोटांखालचा सदरा... आदल्या दिवशी तो सपाट होता. आता बोटांच्या खाली चुण्या पडल्या होत्या. बोटं दाबलेली होती.

मला पहिला विचार काय आला सांगू? सुदामभाऊ दादाला न्यायला आलाय. त्याने दाबलं तेव्हा हा थांबला नाही, म्हणून आता तो याला सोडत नाही. माझ्या मनात सुदामभाऊबद्दल असा विचार यावा याची मला लाज वाटली. लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. पण भीती कुठे नातं बघते?

दादाला सांगायचं का? सांगितलं असतं तर तो त्या क्षणी गाणं परत सोडून बसला असता, आणि या वेळी कायमचा. त्याला परत उभं करायला वहिनीने वर्ष घालवलं होतं. मी गप्प बसले आणि पुसत राहिले. पुसायचं, सेव्ह करायचं, उघडायचं, परत पुसायचं. प्रशांत म्हणाला, कॉम्प्युटर हँग होतोय, दुसऱ्यावर कर. दुसऱ्यावर केलं. तिथेही तेच.

शेवटी एकदाचं पुसलं आणि फाईल बंद न करता सरळ छपाईला सोडली. फ्लेक्स मशीनमधून निघाला, आम्ही फरशीवर अंथरला. मी गुडघ्यावर बसून दादाचा खांदा तळहाताने चाचपून बघितला. काही नव्हतं. खरं सांगते, मी तिथेच रडले.

कार्यक्रम संध्याकाळी होता. उन्हं कलायच्या आत मी मैदानावर गेले. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलेलं, मैदानापासून स्टेजपर्यंत सगळीकडे ओल. स्टेजच्या मागे माझं बॅनर ताणून बांधलं होतं. चंद्र, स्वरचिन्हं, मधोमध दादा... आणि दादाच्या खांद्यावर चार बोटं. स्क्रीनवर ती इवलीशी होती. इथे एकेक बोट माझ्या दंडाएवढं. सदऱ्याच्या चुण्या तर लांबूनही दिसत होत्या.

तेवढ्यात दादाची मोटारसायकल आली. एकटाच होता, मागे हार्मोनियम बांधलेली. स्टँड लावता लावता त्याने वर बघितलं आणि तसाच उभा राहिला.

"हे कवापासून हाय?" त्याने हळूच विचारलं.

"आठवडा झाला... मी पुसत होते, दादा."

"सुदामचा हाय."

"मला माहीत आहे."

"दाबलाय बघ," तो म्हणाला.

कमिटीचे एक काका घाईघाईने आले. "चला गायकसाहेब, माईक बघून घ्या. पाहुणे यायलेत."

दादा चपला काढून ठेवत होता. तो गाताना कायम अनवाणी असतो आणि माईकचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी घट्ट धरतो, ही त्याची जुनी सवय. त्याने काढलेल्या चपला परत पायात घातल्या आणि खुर्ची ओढून खाली बसला.

"थांबा जरा," तो म्हणाला.

"कावून थांबायचं? लोकं बसलेत की!"

"थांबा म्हणलं ना, काका."

काका चिडले. लई भाव खायलाय म्हणाले, वर्षानं गाणार आणि नखरे बघा म्हणाले. दादा नुसता वर बघत बसला. मी त्याच्या शेजारी उभी होते. मग साऊंडवाला वैतागून स्वतःच स्टेजवर चढला. "माईक चालू हाय हो, हे बघा," म्हणत त्याने स्टँड धरला.

आणि तो तसाच ताठ झाला. तोंड उघडं, आवाज नाही. कुणाला काही कळेना. जनरेटरजवळच्या माणसाने वायर ओढून काढली तेव्हा तो धाडकन मागे पडला. स्टँडमध्ये करंट उतरला होता. त्याच्या पायात रबरी चपला होत्या आणि एकाच हाताने धरलं होतं, म्हणून वाचला. तळहात भाजला.

ओल्या स्टेजवर, अनवाणी, दोन्ही हातांनी... पुढचं मी आजही मनात पूर्ण करत नाही.

वायरिंग बदलली, लाकडी फळी टाकली. दादाने वर बघितलं, मीही बघितलं. बोटं होती, पण चुण्या नव्हत्या. हात सैल होता. दादा उठला आणि गायला. कसा गायला ते विचारू नका, वहिनी पदर तोंडात धरून रडत होती. त्या संध्याकाळी कितीतरी लोकांनी बॅनरसमोर फोटो काढले. मी एकेकाकडून मागवून बघितले. एकाही फोटोत हात नाही.

तेव्हापासून दादाच्या प्रत्येक बॅनरवर हात येतो. फोटो नवा असो, सदरा नवा असो, एका रात्रीत येतो. निघायच्या आधी दादाचा मला फोन असतोच, "हात कसा हाय?" सैल आहे म्हटलं की तो निघतो. एकदा दाबलेला होता, तेव्हा आम्ही तासभर थांबलो. काहीच झालं नाही. किंवा पुढे कुठे झालंही असेल, आम्हाला कळलं नाही एवढंच. प्रशांत आता कॉम्प्युटरला दोष देत नाही. त्या फाईलकडे तो बघतच नाही.

हे सगळं आज का लिहितेय? उद्या पाली गावात कार्यक्रम आहे. बॅनर करून झालं, छापून गेलंसुद्धा. फाईल मी कितीदा उघडली, कितीदा बंद केली. हात आला नाही. दाबलेला नाही, सैल नाही, काहीच नाही. खांदा मोकळा.

सुदामभाऊचं काम झालं, तो निवांत झाला, असं प्रशांत म्हणतो. मला ते पटायला हवं. पण जिने लिंबं ओलांडण्यात आयुष्य घालवलं, तिला आता हात दिसत नाही म्हणून घास गिळवत नाही. एवढी भीती तर हात दिसला तेव्हाही वाटली नव्हती.

आज सकाळी दादाचा फोन आला. "हात कसा हाय?"

मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "मग... जाऊ का नको?"

"जायचं," मी म्हणाले. "मी येते तुझ्यासंगं. गाडीवर, मागे."

"मी कुणाला बसवत न्हाई, रेखा. तुला म्हाईत हाय."

"मला बसवायचं."

वहिनी मागून काहीतरी विचारत होती, ते ऐकू येत होतं. शेवटी त्याने विचारलं, "हात कोणता ठेवशील?"

"डावा," मी म्हणाले.

हे सगळं काय आहे, ते मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. उद्या दुपारी निघायचंय. सुदामभाऊला रस्त्यातलं सगळं आधी दिसायचं. मला दिसेल का, वेळेवर दाबता येईल का, एवढंच सकाळपासून डोक्यात चाललंय.