व्यतिरेकाची ताटली

वैशाखातल्या त्या सकाळी मी देवघरात गंध उगाळत होतो, तेव्हा फोन वाजला. पलीकडे ठोंबरे वहिनी होत्या. आवाज विलक्षण शांत होता. "शास्त्रीबुवा, सर गेले. पहाटे, झोपेतच." मग त्याच पुढे म्हणाल्या, "आणि आज ताटल्यांचा पाचवा दिवस आहे. या तुम्ही." मृत्यूची वार्ता सांगताना मोजणीची आठवण देणारे घर अवघ्या मावळात ते एकच असावे.

ठोंबरे सर औंढ्याच्या शेतकरी घरातले. आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. मी लोणावळ्याच्या जुन्या गावठाणातल्या शिवालयाचा पुजारी, आणि संस्कृतचा अध्यापक. वहिनी सोमवारी दर्शनाला येत, तेव्हा सर बाहेर पायरीवर बसून राहत. "आत का येत नाही?" असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आत तुम्ही उत्तरे देता, बुवा. मी अजून प्रश्नावरच आहे." त्या एका वाक्याने आमचा स्नेह जडला.

आमच्याकडे एक प्रथा आहे. पेरणीपूर्वी आसपासचे शेतकरी भाताचे मूठभर बी पुरचुंडीत बांधून देवळात आणतात. मी ती पुरचुंडी अभिषेकाच्या पाण्यात बुडवतो, तिच्यावर मंत्र म्हणतो, रात्रभर ती तशीच पाण्यात, गाभाऱ्यात राहते आणि सकाळी मी ती परत देतो. माझ्या वडिलांनीही हेच केले. एका वर्षी कुरवंड्याची कोंडाबाई बी न्यायला आली आणि सभामंडपातच मोठ्याने म्हणाली, "आबा, तुमच्या मंत्राचं बी दोन दिस आदी उगावतं बगा! शेजारनीचं आजून मातीतच लोळतंय." मला धन्यता वाटली. पायरीवरून सरांचा आवाज आला, "बाई सांगते ते तिने डोळ्यांनी पाहिले आहे. पण ते मंत्रानेच होते, हे कोणी पाहिले?"

मी दुखावलो. सर उठून जवळ आले आणि अत्यंत आदराने म्हणाले, "बुवा, रागावू नका. ताटलीत पेरून पाहू या का?"

खरे सांगतो, मला भीती वाटली. ताटलीने विरुद्ध साक्ष दिली, तर वडिलांच्या हातून आलेल्या या पाण्यात पुढच्या वर्षी मी बी कोणत्या तोंडाने बुडवणार? परंतु नाही म्हणणे हा अधिकच अविश्वास ठरला असता. मी होकार दिला.

सरांनी एकाच पोत्यातले पन्नास-पन्नास दाणे मोजून घेतले आणि दोन्ही वाटे अभिषेकाच्याच पाण्यात भिजवायला ठेवले. एकाच शेतातली माती, दोन सारख्या ताटल्या, आणि पाणी घालण्यासाठी माझीच पूजेची पळी. "सगळे सारखे ठेवायचे आणि एकच गोष्ट बदलायची. या वाट्यावर मंत्र म्हणा, त्याच्यावर नको." माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला. न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक तो हाच! एक असता दुसरे असते, एक नसता दुसरे नसते, म्हणून पहिले दुसऱ्याचे कारण. चाळीस वर्षे हे मी फळ्यावर लिहीत आलो होतो. मातीत पेरून पाहावे, असे एकदाही सुचले नव्हते.

पाचव्या दिवशी दोन्ही ताटल्यांत अंकुर अगदी बरोबरीने आले. सरांनी वही उघडली, 'मंत्राचा परिणाम दिसला नाही' असे लिहू लागले, आणि माझ्याने राहवेना. "सर, थांबा. दुसऱ्या वाट्यावरही मी मंत्र म्हटला आहे."

"काय?"

"शेजारी बसलेल्या पन्नास जीवांना वगळायचे कसे? प्रसाद वाटताना आपण रांगेतल्या कोणाला सोडतो का?"

सर माझ्याकडे पाहतच राहिले आणि मग असे हसले, असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो बुवा, बी भुकेलेलं नव्हतं हो! निदान माझ्यावर तरी मंत्राचे दोन शब्द टाकायचेत!" मी म्हणालो, "पान फाडून टाका." तेव्हा मात्र ते गंभीर झाले. "पान फाडायचं नाही. चूक खोडायची नाही, लिहायची. उद्या कुणी हेच करील, त्याला कळायला हवं."

पुन्हा मांडणी केली, या वेळी तीन ताटल्यांची. एकीचे बी भिजवलेले आणि मंत्रित, दुसरीचे नुसते भिजवलेले, तिसरीचे मंत्रित पण कोरडे. दुसरीचे बी माझ्या करुणेपासून दूर, औंढ्याला सरांच्या घरी, त्याच पाण्यात भिजले. नंतर तिन्ही ताटल्या त्यांच्याच खिडकीत ठेवल्या. कोणती कोणती, हे फक्त वहिनींना ठाऊक होते. चिठ्ठ्या त्यांनी ताटल्यांच्या बुडाशी चिकटवल्या. "माझेही डोळे मला हवं तेच मोजतील, बुवा. त्यांचा भरवसा मलाच नाही," सर म्हणाले.

दोन ताटल्या बरोबरीने अंकुरल्या. तिसरी दोन दिवसांनी. वहिनींनी ताटल्या उचलून बुडाच्या चिठ्ठ्या दाखवल्या. मागे राहिलेली मंत्राची कोरडी होती. बी लवकर उगवत होते ते रात्रभर भिजल्यामुळे. मी खाली पाहत बसलो. सर हळूच म्हणाले, "तुमच्या वडिलांची प्रथा खरीच ठरली की. कारण तेवढं वेगळं निघालं." त्या संध्याकाळी मी देवासमोर बसलो, तेव्हा काहीही हरवल्यासारखे वाटले नाही; उलट देवाच्या घरातली एक खोली नव्याने उघडली होती.

कोंडाबाईला मी सत्य सांगितले. घरच्या पाण्यात भिजवलेस तरी चालेल. ती म्हणाली, "भिजवते की! पर तुमी हात लावल्याबिगर माजं मन पेराया धजत न्हाई. मनाला कुटं भिजवू?" सरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी तेही वहीत लिहून घेतले. त्यानंतर दरवर्षी आम्ही तीन ताटल्या मांडल्या. "एकदा दिसलं म्हणजे कळलं, असं नसतं," हा त्यांचा हट्ट. एका वर्षी मंत्राच्या भिजवलेल्या ताटलीत दोन अंकुर अधिक आले. मी हरखलो, सरांनी निर्विकारपणे 'दोन अधिक' लिहिले. पुढच्या वर्षी दोन कमी आले, तेही त्याच अक्षरात.

त्या सकाळी मी औंढ्याला पोहोचलो. सरांना खिडकीखाली निजवले होते. वर तीन ताटल्या. मी तिथेच उभा राहून, डोळे मिटून, त्यांच्या सद्गतीसाठी येतील तेवढे मंत्र म्हटले. स्वच्छ, उंच स्वरात. डोळे उघडले तेव्हा समोर कोवळे अंकुर... आणि माझ्या ध्यानात आले. वहिनींच्याही आले. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत, हे मला कळले नाही. बहुधा दोन्ही.

अंत्यविधी, स्नान आटोपून मी परत खिडकीशी गेलो. अंकुर मोजले. वही उघडली. सरांनी पानावर तारीख, दाण्यांची संख्या, पळ्यांचा हिशेब आधीच लिहून ठेवला होता. पाचव्या दिवसाची ओळ तेवढी कोरी होती. तिथे मी संख्या भरली आणि खाली, खाडाखोड न करता, लिहिले : 'मंत्र तिन्ही ताटल्यांवर म्हटला गेला. चूक माझी. प्रयोग पुन्हा करावा.'

काल नवे दाणे मोजून आलो आहे.