कोंड्याला विकलेली ताई

आमच्या दिवेआगरात भाव विचारल्याशिवाय कुणी सुपारीसुद्धा विकत नाही. माझी बहीण मात्र मूठभर कोंड्याला विकली गेली. विकणारे माझे सख्खे काका.

वडिलांची आधी बोटं नाचू लागली. मग खांदे, मग जीभ जड झाली. ते असे झुलत चालत की लोक म्हणत, सकाळीच ताडी मारलीय. ज्या माणसाने जन्मात ताडीला हात लावला नाही त्याच्यावर हा आळ, आणि आमचे नातलग तो खोडून काढत नसत. दारुडा भाऊ त्यांना चालत होता. आजारी म्हटला असता तर आजोबांचा विषय निघाला असता, आणि आजोबाही असेच झुलत झुलत गेले होते.

अलिबागच्या डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं. हा मेंदूचा रोग रक्तातून येतो. आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी. दिसतो तो बहुधा चाळिशीकडे, तोवर पुढची पोरं जन्मलेली असतात. औषध नाही.

काका हसले. "रक्तातून येतो ना वहिनी? मग रक्ताचं नातंच मोडू."

ज्यांची मुलं जगत नाहीत ते तान्ह्या बाळाला सुपात घालून शेजारणीला विकतात, म्हणजे बापाच्या घरची पीडा त्याला ओळखत नाही. काकांनी ही युक्ती लग्नाला आलेल्या ताईवर चालवली. ती सुपात मावणार नव्हती, म्हणून तिला सुपात पाय ठेवायला लावलं. वाडीत झाडांना शिंपणं करणाऱ्या बाईने कोंडा ओतला आणि म्हणाली, "आता ही माझी हाय. जेवाया मात्र तुमच्याकडंच धाडीन!" सगळ्या अंगणात तेवढी एकच बाई या प्रकाराची लायकी ओळखून होती. काका आजोबांचेच पुत्र, पण स्वतःच्या पोरांसाठी त्यांनी सूप काढलं नाही.

मग रेवदंड्याकडची मंडळी ताईला बघायला आली. मी अंधश्रद्धाविरोधी पत्रकांवर वाढलेली मुलगी, बुवाबाजीविरुद्धची सगळी वाक्यं मला पाठ. ताईला म्हटलं, "मी सगळ्यांसमोर सांगणार."

"तू गप्प बस," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून त्याचं भाषण होईल."

वडिलांना मागच्या खोपीत बसवून काकांनी दार ओढून घेतलं होतं. ओटीवर देवक विचारून झालं, नाडी जुळली. एवढी खाडी ओलांडून आलेल्या त्या शहाण्यांना मुलीचा बाप बघावासा वाटला नाही. काका म्हणाले, "मुलगी तशी शेजारणीची. आम्ही आपले सांभाळतो."

ताई पोह्यांच्या बशा ठेवून आत गेली ती वडिलांना धरून बाहेर आली. मुलाच्या बापाशेजारी त्यांना बसवून म्हणाली, "हे माझे वडील. यांना जे झालंय ते आजोबांना होतं. मला होईल किंवा होणार नाही, आज कुणी सांगू शकत नाही. झालं तर माझ्या मुलांपुढेही हाच प्रश्न राहील. हे कबूल असेल तर बोला."

वडिलांचा हात पाहुण्याच्या गुडघ्यावर आपटत होता. पाहुण्याने गुडघा काढून घेतला आणि काकांना विचारलं, "अहो, पण मुलगी शेजारणीची म्हणालात ना?"

एवढं ऐकून त्याला पडलेला प्रश्न हा! मुलगा आईच्या तोंडाकडे बघत बसला, मग वहाणा शोधायला उठला. असल्या घरात ताई पडली नाही, याचं मला तेव्हाही दुःख झालं नाही.

मंडळी गेल्यावर काका म्हणाले, "हरकत नाही. माणगावकडे अजून कुणाला माहीत नाही."

"तिकडेही मी बाबांना घेऊनच येईन," ताई म्हणाली.

"मग बस जन्मभर घरात!"

"बसेन."

काका तणतणत गेले. वडिलांनी पाहुण्यांची न संपलेली बशी पुढे ओढली. पोहे धोतरावर सांडले. ताईने ते झटकले आणि त्यांना भरवायला बसली.