करदोड्याची कवडी

फिलिपिन्स देशातल्या बोहोल नावाच्या बेटावर उतरल्यावर धनीबाईनं पहिल्यांदा काय हाताळलं असेल, तर ज्वारीच्या पिठाची गोणी. आपल्या लोकांची सहलीची तऱ्हाच अशी. समुद्र ओलांडून जायचं, तिथली जुनी देवळं, तिथले डोंगर, तिथले सण डोळे भरून पाहायचे, पण पोटात मात्र भाकरी आणि पिठलंच पडलं पाहिजे. त्यासाठी सहलीवाले आपला आचारी बरोबर नेतात, आचाऱ्याबरोबर हाताखालचं माणूस नेतात. धनीबाई अशी हाताखालचं माणूस म्हणून गेली होती, भाकरी थापायला.

बाई वाशीमकडच्या, मानोरा गावाजवळच्या बंजारा तांड्यावरची. आयुष्याचा मोठा भाग ऊसतोडीच्या टोळीला रांधून घालण्यात गेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रकवर चढायचं आणि उन्हं तापली की परत यायचं. तिची भाकरी अशी की बोट लावताच पापुद्रा सुटावा. ही विद्या तिनं एकुलत्या एका पोराला दिली. राजपाल शाळेत रमला नाही, पण चुलीपाशी रमला. पुढं तो नागपुरात एका सहलीच्या कंपनीत लागला, आचाऱ्याबरोबर देशोदेशी फिरू लागला. तांड्यावर आला की आईला सांगायचा, "याडी, तिकडच्या डोंगराइचा रंग उन्हाळ्यात तपकिरी असते, गुळाच्या ढेपाच मांडल्या वाटते पाय!" धनीबाई म्हणायची, "खोटारड्या, बस खाली अन् जेव." पण हे बोलताना तिचा चेहरा फुललेला असायचा.

पोरगा पोहायला शिकला होता अडाण नदीत. नदीत पोहणाऱ्याला वाटतं, पाणी म्हणजे पाणीच. बोहोलच्या किनाऱ्यावर एका दुपारी भांडी घासून झाल्यावर राजपाल समुद्रात उतरला तो परत आला नाही. आचाऱ्यानं काठावरून त्याचा वर आलेला हात पाहिला, एवढंच. बोटी फिरल्या, माणसं फिरली, हाती काही लागलं नाही.

इथवर जे झालं ते नशिबानं केलं. पुढचं धनीबाईनं केलं, आणि त्याबद्दल तिला कोणी बोल लावला असता तर मी मध्ये पडलो नसतो.

झालं असं. पुढं बऱ्याच दिवसांनी पोलीस ठाण्यातला एक शिपाई तांड्यावर आला. तिकडच्या कोळ्यांना किनाऱ्यावर एक प्रेत सापडलं होतं. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. कमरेला काळा करदोडा तेवढा होता, त्याचा फोटो शिपायानं मोबाइलवर दाखवला. करदोड्यात एक कवडी ओवलेली होती, एका कडेनं टवका उडालेली. ती कवडी धनीबाईच्या लग्नातल्या पिशवीवरची. पोरगा रांगत होता तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून तिनं स्वतः उसवून त्याच्या कमरेला बांधली होती. करदोडे बदलले, कवडी तीच राहिली. तिनं ती पाहिल्याबरोबर ओळखली.

"हे तुमच्या पोराचं हाय का?" शिपायानं विचारलं.

"नाही," धनीबाई म्हणाली. "माह्या पोराचा करदोडा साधाच होता. कवडी-बिवडी काही नव्हती त्याले."

का म्हणाली? तांड्यावर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी धबुकार असतो. घरच्या कर्त्यानं निखाऱ्यांवर तूप आणि लापशी टाकायची आणि गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन त्याला जेवायला बोलवायचं. ज्याचं नाव निखाऱ्यापाशी घेतलं तो गेला. मग तो घरचा राहत नाही, पितरांचा होतो. दिवाळी तोंडावर होती. हो म्हटलं असतं तर चार दिवसांनी तिच्या नवऱ्याला, रामसिंगला, आपल्याच पोराचं नाव निखाऱ्यावर घ्यावं लागलं असतं. एवढा एक सण टळावा म्हणून बाई नाही म्हणाली. पुढं सांगू, असं तिच्या मनात होतं.

तेवढ्यात रामसिंग बकऱ्या बांधून आत आला. "काय म्हन्ते सायेब?"

"दुसऱ्याच कोणाचं तरी पोरगं हाय," धनीबाई म्हणाली.

रामसिंग मटकन खाली बसला आणि रडायला लागला, आनंदानं. मग उठून त्यानं शिपायाला चहा पाजला, घरोघर साखर वाटली. आता त्या साखरेवर सत्य कसं सांगायचं, सांगा. त्याच संध्याकाळपासून रामसिंगनं राजपालचं ताट मांडायला सुरुवात केली. कुठल्या तरी बेटाला लागला असेल, डोकं फिरलं असेल, एखाद्या दिवशी अचानक दारात उभा राहील आणि पोरगं उपाशी असेल, असा त्याचा हिशेब. "एक भाकर जास्त टाकजो," असं तो रोज सांगायचा, आणि धनीबाई रोज एक जास्तीची भाकरी टाकायची. सकाळी ती कुत्र्याला जायची. दोन वर्षं हे चाललं. धबुकाराला पणजा-आजाची नावं व्हायची, पोराचं नाव नाही. धनीबाई मात्र आतून कुरतडली गेली. परक्या मुलखात पोरगं बेनाव पडलंय, आपल्याच जिभेनं पडलंय, आणि दिवाळीला साऱ्या पितरांना घास मिळतो, त्याला नाही, हे तिला जेवू देईना.

शेवटी ती वाशीमला साधनाताईंकडं गेली. साधनाताई त्या कंपनीत सहली घेऊन जाणाऱ्या, राजपाल गेला त्या सहलीतही त्याच होत्या. धनीबाईनं त्यांचे पाय धरले. "मले भाकरी थापाले न्या. पैसा देऊ नका." ताईंच्या मनाला ती गोष्ट लागलेलीच होती. त्यांनी कागदपत्रांचं सगळं केलं आणि दिवाळीच्या सुटीतल्या सहलीत तिला घेतलं.

निघताना रामसिंगनं एक नवा शर्ट आणून दिला, घडी न मोडलेला. "त्याचे कपडे फाटले असतीन. येताना हा घालून आनजो त्याले. अन् तिकडून फोन करजो. तुह्या फोनशिवाय मी धबुकाराचे निखारे विझू देत नाही." धनीबाईनं शर्ट पिशवीत तळाशी ठेवला.

सहल म्हणाल तर झकास होती. दगडी चर्च पाहिली, त्यांच्या भिंती पोवळ्याच्या दगडांच्या. मुठीएवढ्या अंगाचं, बोराएवढ्या डोळ्यांचं माकड पाहिलं. ते इतकं हळवं की त्याच्याजवळ मोठ्यानं बोलायची मनाई. कारंज्याच्या रत्नमालाबाई नेमक्या तिथंच शिंकल्या आणि सगळ्यांनी त्यांच्याकडं खुन्नसनं पाहिलं. हिरव्या नदीवर नावेत बसून मंडळींनी थालीपीठ खाल्लं. आणि ते डोंगर! पावसानं हिरवे झालेले, पण खरंच गुळाच्या ढेपा, एकीला लागून एक, नजर पुरेल तिथवर. बसमधून सगळे फोटो काढायला उतरले. धनीबाई पायरीवर बसून राहिली. पोरगा खोटं बोलत नव्हता. ती त्याला खोटारडा म्हणाली होती, आणि स्वतः काय बोलून बसली होती! तिला रडू आवरेना. रत्नमालाबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली आणि "गाडी लागली का हो?" म्हणून विचारलं.

त्या दिवशी भांडी आवरताना तिनं साधनाताईंना विचारलं, "ताई, ज्या मानसाच्या करदोड्याचा फोटो मले दाखवला होता, त्याले कुठं पुरलं?"

साधनाताई तिच्याकडं पाहतच राहिल्या. "तुम्ही तर नाही म्हणाला होतात. तुम्ही नाही म्हणालात म्हणून सगळं तिथंच थांबलं. नाहीतर त्याला घरी आणता आलं असतं, मावशी."

"माहीत हाय," धनीबाई म्हणाली. "मले तिथं न्या."

त्यांनी ड्रायव्हरला गावाचं नाव सांगितलं. ड्रायव्हर तिथलाच होता, त्याला ते गाव ठाऊक होतं.

योगायोग म्हणा किंवा काही म्हणा, तांड्यावर धबुकार आणि इथं या लोकांचा मेलेल्यांचा सण, दोन्ही एकाच दिवशी आले. कोळ्यांच्या त्या गावची दफनभूमी समुद्राला लागूनच. सारं गाव तिथं लोटलेलं. थडग्यांना पांढरा रंग दिलेला, मेणबत्त्या, फुलं, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात. बायका थडग्यांपाशी चटया टाकून बसलेल्या, पोरं हसत-खिदळत धावणारी. मेलेल्यांपाशी बसून लोक जेवत होते. धनीबाईला यात काहीच परकं वाटलं नाही.

कडेला, वाळू सुरू होते तिथं, एक लाकडी क्रूस होता. त्यावर नाव नव्हतं. पण मेणबत्ती होती, आणि केळीच्या पानातला भातही ठेवलेला होता. क्रुसाच्या आडव्या लाकडाला उन्हानं विटलेला एक काळा दोरा बांधलेला होता. ड्रायव्हरनं जवळच्या एका म्हातारीला विचारलं. कोणाचा कोण, पोरगा आमच्या वाळूवर आला, मग आमचाच झाला, असं ती म्हणाली ते साधनाताईंनी मराठीत सांगितलं. कोणी शोधत आलं तर ओळखू यावं म्हणून दोरा तिनंच बांधून ठेवला होता.

धनीबाईनं दोऱ्यातली कवडी अंगठ्यानं चाचपली. टवका होता तिथंच होता.

तिनं आरडाओरडा केला नाही. पिशवीतून नवा शर्ट काढला, घडी मोडली, वाळूवर अंथरला आणि बाह्या नीट केल्या. मग कपाळ वाळूला टेकवून बराच वेळ पडून राहिली. तिचं पोरगं इथं होतं, हाताच्या अंतरावर, आणि तिला त्याला कुशीत घेता येत नव्हतं. तिच्या आयुष्यात यापेक्षा वाईट घडी आली नाही.

मग तिनं साधनाताईंच्या मोबाइलवरून फोन लावायला सांगितला. पहिल्याच घंटीला रामसिंगनं उचलला.

"लागला का पत्ता?"

"लागला."

"लागला! बरा हाय ना? दे त्याच्यापाशी फोन."

"धबुकार झाला का?"

"आज्या-पणज्याचं झालं. निखारे हायेत अजून. दे ना वं त्याले, काहून उशीर करून राह्यली?"

"त्याचंही नाव घ्या," धनीबाई म्हणाली.

पलीकडं बकरीची घंटा वाजत होती, कोणाचं तरी पोर फटाका मागत होतं. रामसिंगचा आवाज आला तो अगदी हळू. "मंग ते कवडीवालं पोरगं?"

"आपलंच होतं. मी वळखली होती कवडी, तवाच."

"लगीन नव्हतं झालं त्याचं," रामसिंग म्हणाला. तांड्यावर बिनलग्नाच्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात. "मातीच द्यायची होती. कोणी देल्ली?"

"इथल्या लोकाइनं."

"आपलं कोणीच नव्हतं?"

"नव्हतं."

मग त्यानं नाव घेतलं. पितरांची नावं पुटपुटत घेतात, त्यानं बांधावरून हाक मारावी तशी मोठ्यानं हाक मारली, "राजपाल!" आणि मग निखाऱ्यावर काही चरचरलेलं तिला ऐकू आलं. तिनं हात जोडले. वाटलं, संपलं एकदाचं.

पण फोन चालूच होता.

"दोन साल मी त्याचं ताट मांडलं, धने," रामसिंग म्हणाला. "अन् भाकर तू टाकत होती."

ती फोन कानाला लावून तशीच बसली. ती म्हातारी जवळ आली, हातात काळ्या रंगाचा डबा आणि कुंचला होता. क्रुसाकडं बोट करून तिनं काही विचारलं. काय विचारते ते सांगायला कोणी लागलं नाही. धनीबाईनं नाव सांगितलं, म्हातारीनं आपल्या अक्षरांत ते लिहिलं. धनीबाईला कुठलंच अक्षर येत नव्हतं, म्हणून बरोबर लिहिलं की चूक ते तिला कळलं नाही. रस्त्यावरून साधनाताई हाक मारत होत्या. सहलीची मंडळी परतायची वेळ झाली होती आणि पीठ अजून मळायचं होतं.