खंड्याचा विलायती कोट

इगतपुरीला लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. तिथेच जावयांनी सांगितलं, "सासूबाई, तुमच्या सरूताई गेल्या." तापाचं निमित्त झालं म्हणे. नाशकात भिंतीला भिंत लागून आमची घरं, आणि नेमकी मी नसताना ही बया गेली... रागच आला मला. महिना होऊन गेला, अजून उतरलेला नाही.

पुढाऱ्याच्या घरी लोकांना चरखा दिसतो, तसबिरी दिसतात. कुत्र्याकडे कोण बघतो? सरूताईच्या यजमानांनी वकिली सोडून चळवळीत उडी घेतली, तरी आम्ही त्यांना वकीलसाहेबच म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. खंड्या नावाचं गावठी कुत्रं, त्यालाच लेकरासारखं वाढवलं. मिठाच्या सत्याग्रहात साहेबांना नाशिकरोडच्या तुरुंगात नेलं आणि खंड्याने अन्न सोडलं. दूधभात झाला, तूप-भाकरी झाली, तोंड लावीना. शेवटी साहेबांचा कोर्टात जायचा काळा कोट सरूताईने नऊवारीवर चढवला आणि ताटली घेऊन बसली. खंड्याने बाही हुंगली आणि निमूट जेवला. मग रोजचंच झालं ते. मी हसायची, ती रागवायची.

कोट मात्र विलायती. परदेशी कापडाच्या होळीसाठी बायका दारोदार फिरत आल्या. एकजण फटकन म्हणाली, "पुढाऱ्याच्याच घरात हे?"

"माझ्या साड्या न्या, पडदे न्या," सरूताई म्हणाली. "कोट खंड्याचा आहे, आणि तो काही तुमचा स्वयंसेवक नाही."

गावभर बोभाटा झाला. घाटावर बायका तिच्याशी बोलेनात. "एका कुत्र्यापायी नवऱ्याचं नाव घालवतेस का गं?" असं मीही विचारलं. ती कोटाची बटणं लावत बसली.

साहेब सुटून आले. खंड्या त्यांच्या अंगावर नाचला, त्यांच्या हातून जेवला. बोभाटा साहेबांच्या कानावर आला होताच. मी तिथेच होते. ते म्हणाले, "आता मी आलोय. देऊन टाक तो कोट. खंड्याला काय करायचाय?"

"खंड्या महिन्याभरातच कोटाशिवाय जेवायला लागला होता," सरूताई खाली मान घालून म्हणाली. "तुमचं काय, तुम्ही पुन्हा जाल..."

कोट खुंटीवर राहिला.

आणि ते पुन्हा गेलेच. मधल्या काळात खंड्या म्हातारा होऊन मेला. तिन्हीसांजेला ओट्यावर कोट घालून बसलेली सरूताई मला रोज दिसायची. मी आता हसत नव्हते. तिने डोळे मिटले तेव्हाही साहेब तुरुंगातच होते. फार आठवण येते हो तिची... भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज येत नाही, तर मला स्वयंपाक सुचत नाही.

परवा साहेब सुटले. मी पिठलं-भाकरी घेऊन गेले. सभेचं बोलावणं घेऊन आलेली माणसं बसली होती, नखशिखांत खादीत. साहेबांनी ताट पुढे ओढलं, घास केला, तसाच परत ठेवला. मग उठले, खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला, बटणं लावली आणि सगळ्यांसमोर जेवायला बसले. मी दुसरी भाकरी वाढली.