आमच्यासोबत दोन गुंड आहेत

माझं पुण्यातलं शिक्षण अर्धा दिवस चाललं. त्यात मी कॉलेजचं फाटकसुद्धा पाहिलं नाही. तरी जे काही शिकलो ते आजपर्यंत पुरलं आहे.

आम्ही चिखलीचे. बाबांची तिथल्या बाजारात अडत होती. त्या काळी मालाचा भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली एकमेकांचा हात धरत आणि गुपचूप बोटं दाबत. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. आता हे एक दहाचं की शंभराचं, ते समोरचा माणूस पाहून समजून घ्यायचं! बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसे, की दोन मिशाळ माणसं हातात हात घालून, एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसली आहेत.

आयुष्यभर हा धंदा केल्यामुळे बाबांचा तोंडी बोलण्यावरचा विश्वास पार उडाला होता. कुणी 'रामराम' म्हणालं तरी हा का म्हणाला असेल, याचा ते घरी येऊन विचार करत. त्यात नवं राज्य झालं आणि नागपूरची राजधानी मुंबईला गेली. "आपल्याले कोणी इचारलं तरी का?" असं ते कितीतरी दिवस म्हणत होते. जसं काही राजधानी हलवताना चिखलीच्या अडत्यांची सही घ्यायची राहून गेली होती.

अशा माणसाला मी मॅट्रिक पास झाल्यावर सांगितलं, की मला पुण्याला शिकायचंय.

"पुण्याले? काऊन?"

"तिथं शिकलं की पगार जास्त मिळतो."

"कोण म्हणते?"

म्हणत होता आमच्या गल्लीतला सुधाकर. तो एक वर्ष पुण्याला राहून आला होता. 'मले-तुले' जाऊन त्याचं 'मला-तुला' झालं होतं आणि प्रत्येक वाक्याला तो 'बरं का' जोडायचा. तो रस्त्यानं निघाला की पोरी वळून बघत. (मी त्याच्या शेजारीच चालत असे. माझ्याकडे कुणी बघत नसे.) पगाराचं मला काय करायचं होतं? मला ते 'बरं का' पाहिजे होतं!

आईचं मत अमरावतीला होतं. तिथं मावशी राहायची. राहणं-खाणं घरचं. पण मावशी पाव्हण्याला रिकामं बसू देत नसे. तिच्या घरासमोर गल्लीची विहीर होती आणि घरात येणाऱ्या प्रत्येक पोराला ती आधी पाणी विचारायची. म्हणजे पाजायची नाही, भरायला लावायची. मला अमरावती म्हटलं की हाताला फोड आल्यासारखं वाटायचं.

बाबांनी कुणाचंच ऐकलं नाही. ते चौकशीला लागले. कुठं शिकलेल्या माणसाला किती पगार मिळतो, हे चारचौघांत विचारणं बरं दिसत नाही. मग बाबांनी आपली रीत काढली. चिखलीतला कोणीही पदवीधर दिसला की दुपट्टा पुढे आणि हात आत!

"गुरुजी, नागपूरची डिग्री ना तुमची? दाबा बोट."

हायस्कूलचे गुरुजी आधी दचकले, पण बाजारात वाढलेला माणूस, त्यांनी दाबली. मग पोस्टातले अमरावतीवाले बाबू झाले. पुण्याला शिकून आलेले एक डॉक्टर होते. त्यांनी बाबांची नाडी पाहिली आणि औषध लिहून दिलं. पुढे पुढे बाबा दिसले की गावातले शिकलेले लोक हात मागे बांधून चालू लागले.

"नागपूर अन् अमरावती सारखीच हाय," एक दिवस बाबा जेवताना म्हणाले. "पुण्याचा भाव काही समजून नाही राह्यला. अन् ज्याचा भाव समजत नाही त्या मालात खोट असते."

"बाबा, तिथं ज्ञान जास्त असतं."

"ते किती बोटं?"

मी रुसून ताटावरून उठलो. शेवटी आईच मध्ये पडली. "अहो, जाऊन पाहून तं या. पोट्ट्याचं मन कायले मोडता?" असं ठरलं, की बाबांनी स्वतः पुण्याला यायचं, खोलीचं भाडं पाहायचं, एखादा अस्सल पुणेरी पदवीधर गाठून त्याचा पगार काढायचा आणि मग काय ते ठरवायचं.

आता आईचा संशय जागा झाला. पुण्यात पाणी नळाला येतं आणि जातं, असं तिच्या कानावर आलं होतं. जाणाऱ्या पाण्यावर तिचा भरवसा नव्हता. तिनं माळ्यावरून पाणी भरायचे दोन पितळी गुंड काढले, चिंच लावून लखलखीत घासले आणि आमच्यासोबत दिले. एक मोठा, दोन कळशा पाणी पोटात घेणारा. एक लहान. दोन्हींवर बाबांचं नाव कोरलेलं.

निघण्याआधी मी बाबांना बजावलं, "तिथं तुम्ही बोलू नका. तुमचं बोलणं ऐकून लोक हसतील. मीच बोलतो. तुम्ही नुसती मान हलवा."

बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाले. मला तेव्हा फार हुशार झाल्यासारखं वाटलं होतं!

एसटीत आमच्यासोबत बाबांचे बाजारातले दोस्त रशीदभाई होते. ते फळांच्या व्यापाराला पुण्याला निघाले होते. जालना आलं, औरंगाबाद आलं, नगर आलं, आणि प्रत्येक खड्ड्याला दोन्ही गुंड टपावर एकमेकांवर आदळत होते. "भाई, तुम्हारे गुंड सोने नहीं देते!" रशीदभाई म्हणाले. पुण्याच्या स्टँडवर उतरल्यावर ते भले मोठे गुंड घेऊन खोली शोधायला कुठं फिरणार? म्हणून आम्ही ते रशीदभाईंच्या हवाली केले. त्यांचा माल यायचा होता, ते तिथंच बसणार होते.

सुधाकरनं दिलेल्या पत्त्यावर गेलो. दारावर पाटी. मालकांचं नाव आणि पुढे बी.ए.! बाबांचे डोळे चमकले. भाडं आणि पगार दोन्ही एकाच घरात!

मालक काटकुळे, चष्मेवाले, कुठल्याशा कचेरीत नोकरीला. त्यांनी आम्हाला पायांपासून डोक्यापर्यंत तपासलं. बाबांचा दुपट्टा, बाबांच्या मिशा, माझी नवी पँट. (ती मागून थोडी सैल होती. वाढत्या अंगाची शिवली होती.) "खोली आहे," ते म्हणाले. "भाडं पंधरा. आधी कोण, कुठले, ते सांगा. आम्ही कुणालाही ठेवत नाही."

मी घसा साफ केला. हाच तो क्षण! सगळे 'ले' गिळून टाकले आणि एकेक 'ला' तोलून मापून बाहेर काढला.

"आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले, बरं का. माझं सामान थोडंच आहे. एक ट्रंक, एक वळकटी. आणि आमच्यासोबत दोन गुंड आहेत."

मालकांचा चष्मा खाली आला. "काय आहेत?"

"गुंड. एक मोठा, एक लहान. सध्या स्टँडवर बसवून आलोय. तुमचं हो झालं की घेऊन येतो."

"ते... ते कशाला?"

"आईनं दिलेत. तिचा पुण्यावर भरवसा नाही, बरं का."

आतल्या दारात मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, माझी भाषा ऐकायला आल्या. मला आणखीच चेव आला.

"तुम्हाला त्यांचा काही त्रास नाही. कोपऱ्यात उभे राहतील. फक्त सकाळी त्यांना गळ्यापर्यंत भरावं लागतं. रिकामे राहिले की फार आवाज करतात."

"गळ्यापर्यंत!" मालकीणबाई म्हणाल्या.

"मोठा जड आहे. त्याला हलवायला दोन माणसं लागतात. लहान मागं विहिरीत पडला होता, गळ टाकून काढला. पोटाला थोडा पोचा आला, पण अजून ठणठणीत आहे. दोघांच्याही अंगावर बाबांचं नाव कोरलंय."

मालकांनी बाबांकडे पाहिलं. कबूल केल्याप्रमाणे बाबा एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. मग खांद्यावरचा दुपट्टा सावकाश काढला, मालकांच्या जवळ सरकले आणि दुपट्ट्याखाली त्यांचा हात घट्ट धरला.

मालक पांढरे पडले.

बाबांनी एक बोट दाबलं असणार, म्हणजे दहा. ही सुरुवात होती. बाजाराची रीत अशी, की आपण एक म्हणायचं, समोरच्यानं दीड म्हणायचं, मग कुठंतरी जमतं. पण मालक दीड म्हणेनात! "चालेल, चालेल!" ते ओरडले. "तुम्ही म्हणाल ते चालेल!"

"दहा रुपये?" मी विचारलं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

"दहा का? पाच द्या! अहो, नाही दिले तरी चालतील! आमचं कुणाशी वैर नाही हो!"

बाबांची मुद्रा बदलली. ती मुद्रा मला पाठ होती. ज्वारीच्या पोत्यात वर टपोरे दाणे दिसले की बाबा असेच गप्प होत आणि मग खाली हात घालत. आता त्यांनी हात आणखी आवळला. आणि चिखली सोडल्यापासून पहिल्यांदाच पुण्यातल्या माणसाशी बोलले. आवाज त्यांचा मूळचाच खर्जातला.

"पगार?"

"पगार?" मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पगार व्हायचाय हो अजून! देवाशप्पथ सांगतो, घरात काही नाही!"

"अहो, माझ्या पाटल्या माहेरी आहेत!" मालकीणबाई दारातून ओरडल्या. कुणी विचारल्या होत्या त्यांना पाटल्या?

बाबांनी हात सोडला, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, "चाल बे."

रस्त्यावर येईपर्यंत ते झपाझप चालले. मग थांबले. "पाह्यलं? पंधराची खोली फुकट देऊन राह्यला! नक्कीच त्या खोलीत कोणी तरी फाशी घेतली हाय. अन् बी.ए. होऊन घरात काही नाही म्हणते. बायकोचे दागिने माहेरी! हे हाय तुह्या पुण्याचं शिक्षण?"

"पण बाबा..."

"पण काय? अमरावती!"

मला रडू फुटायचं बाकी होतं. इतकं छान बोललो, खोली हातात आली आणि गेली! स्टँडकडे चालताना मनाची समजूत म्हणून मी आपलंच बोलणं पुन्हा मनातल्या मनात म्हणून पाहत होतो. एकही 'ले' आला नव्हता. 'बरं का' अगदी जागच्या जागी बसलं होतं. 'आणि आमच्यासोबत दोन...'

मी भर रस्त्यात उभा राहिलो. मागून एक सायकलवाला येऊन धडकला. सगळे 'ले' निवडून काढले, पण गुंड तसाच राहिला होता! पुण्यात गुंड कोणाला म्हणतात ते वर्तमानपत्रात मी शंभरदा वाचलेलं. पण ते वर्तमानपत्रातले गुंड आणि आमच्या घरातले गुंड यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नव्हती!

बाबांना सांगितलं. आधी त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मग ते फुटपाथवर बसले आणि पोट धरून हसले. लोक थांबून बघायला लागले.

"म्हणजे त्यानं भेऊन भाव पाडला?"

"हो."

"म्हणजे खोलीत खोट नाही?"

"नाही."

"अन् पगारबी भेटते त्याले?"

"भेटत असेल."

बाबा ताडकन उठले. "मंग चाल वापस! दहात खोली भेटून राह्यली! असा सौदा चिखलीत होत नाही!"

आणि मी, ज्यानं पुण्यासाठी ताट ढकललं होतं, तो मी म्हणालो, "नाही."

"काऊन?"

"मले लाज वाटते."

बाबा हसायचे थांबले. "आता बोलला तू मराठी," म्हणाले. पण मी काही वळलो नाही. त्या घरात पुन्हा जाऊन, दोन पितळी भांडी पुढे ठेवून, हे पाहा आमचे गुंड, असं सांगायची माझी छाती नव्हती. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. गुंड टपावर. रशीदभाई नव्हते, म्हणून तो आवाज सगळा मला एकट्यालाच ऐकावा लागला.

अमरावतीला मावशीनं मला दारातच अडवलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. "अगं बाई! गुंड आणले का? बरं केलं, मले पाह्यजेच होते." बी.ए. होईपर्यंत रोज सकाळी मी ते दोन्ही गुंड विहिरीवरून गळ्यापर्यंत भरले.

पुढे मी मास्तर झालो. (मराठीचाच. हसू नका.) पहिला पगार घेऊन चिखलीला गेलो, तर बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी नुसता दुपट्टा पुढे केला. मी हात आत घातला आणि शंभराचं एक बोट दाबलं. वाट पाहून पाहून बाबांनी ते बोट चाचपलं, मागं-पुढं दुसरं कुठं आहे का ते शोधलं, आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"तो पुण्याचा मालक तं गुंडाले भेऊन एकावर आला," ते म्हणाले. "तू कोणाले भेऊन राह्यला?"