हिरवं लुगडं

माझ्या लेकीने तीन दिवसांत बावीस ब्लाउज शिवले. गिऱ्हाईकं तीनच होती. बाकीचे कुणाच्या मापाचे, ते तिलाही सांगता येईना. जेवण नाही, झोप नाही, तोंडाला दम नाही. मुरुडच्या घरात आम्ही दोघीच असतो. तिचं ते बोलणं मी ओळखलं. ते माझंच होतं.

ती जन्मायच्या आधी मी अशीच झाले होते. सासरी वाटलं, देवी आली. नणंदेने मला हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं. दर मंगळवारी बाया खण-नारळ घेऊन यायच्या, पोरगा होईल का म्हणून विचारायच्या. मी वाट्टेल ते बोलायचे, नणंद त्याचा अर्थ लावायची. दोनेक महिन्यांनी माझं अंग गळालं, तोंडातून शब्द निघेना. तेव्हा तीच म्हणाली, हिने विटाळ पाळला नाही, देवी रुसली. देवी परत यावी म्हणून तिने मला चिंचेच्या फोकाने मारलं आणि दोन दिवस पाणी दिलं नाही. नवरा बघत होता. शेवटी माझ्या भावाने नांदेडला डॉक्टरकडे नेलं. तेव्हापासून गोळी चालू आहे.

नवरा मेला. नणंद आहे. लेकीचं कानावर जाताच मुदखेडहून आली. पिशवीत नारळ आणि कोरं हिरवं लुगडं.

"वैनी, मायचं लेकीत उतरलं बघा. मंगळवारी बसवू."

"आधी लातूरला दाखवू. तुम्ही बी चला, वन्सं. तुम्हाला यातलं लई कळतं."

ती खुशीत गाडीत बसली. लेक वाटभर तिच्या मागे लागली होती, "आत्या, ह्यो ब्लाउजचा गळा कुणी कापला? इळ्यानं कापला का?"

दवाखान्याची पाटी मी वाचली, मनोविकार तज्ज्ञ. मी चौथी शिकले. नणंदेला अक्षर येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला असा त्रास?"

"मला," मी म्हणाले. "पण तेव्हाचं मला आठवत नाही. काय उपाय केले ते ह्या सांगतील."

मला सगळं आठवत होतं.

नणंद पदर पिळत बसली. "ते... मारलं थोडं."

"कशानं?"

"फोकानं."

"पाण्याचं बी सांगा, वन्सं."

"वैनी, लेकरापुढं कशाला?"

"लेकरापुढंच."

तिने सांगितलं. तीन दिवस बडबडणारी माझी लेक गप्प झाली आणि आत्याकडे बघत राहिली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

बाई म्हणाल्या, तुमचाच आजार आहे का, ते आत्ताच सांगता येणार नाही. गोळ्या द्या, लक्ष ठेवा.

लुगडं नणंद विसरून गेली. मी त्याच्या घड्या घातल्या, चारी बाजूंनी मशीन मारली आणि उंबऱ्यात पायपुसणं टाकलं.

महिन्याने लेकीचं अंग गळालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. मला वाटलंच होतं, आणि भीतीही त्याचीच होती. नणंद बघायला आली ती दारातच थबकली.

"वैनी, देवीचं लुगडं!"

"पाय पुसा अन् या आत. न्हाई तर तिथूनच बघा."

मी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तिला पाणी पाजत होते. नणंदेने पाय पुसले.