बाईंनी केलेलं मराठी

बार्शीहून सोलापूरला येणाऱ्या एसटीत मी लॅपटॉपवर व्याख्यानाच्या स्लाइड तयार करत होतो. शेजारच्या बाई पडद्याकडे पाहून हसल्या. "ह्यातलं मराठी मी केलंय की."

त्या खेड्यातल्या शाळेत शिकवायच्या. स्लाइड बनवायचं हे फुकट मिळणारं, कुणालाही बदलता येणारं सॉफ्टवेअर आधी इंग्रजीतच होतं, त्यामुळे मुलं अडायची. बाईंनी बनवणाऱ्याला लिहिलं. उत्तर आलं, तुम्हीच मराठीत करा. त्यांनी शिकून केलं. पुढं तो माणूस थकून बाजूला झाला आणि काम बंद पडायची वेळ आली. तेव्हा देशोदेशीच्या काही अनोळखी लोकांबरोबर बाईंनी ते चालू ठेवलं.

"तो सोडून गेला, याचा राग नाही आला?" मी विचारलं.

"राग कशाचा? जाताना त्यानं दाराला कुलूप न्हाय लावलं."

मी मराठी शिकवतो हे कळताच त्यांनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "मग सांगा, केलेलं रद्द करायच्या त्या 'अनडू' बटणाला काय म्हणायचं? लई दिवस अडलंय."

मी विचार केला. "मागे घ्या. बोललेला शब्द मागे घेतो, तसं."

बाईंनी ते पुटपुटून पाहिलं आणि लगेच मोबाइलवरून त्या सॉफ्टवेअरच्या लोकांना पाठवून दिलं.

"झालं. आता हे तुमचंबी हाय."